खेळगडी कीं पंच?

गेल्या दिवाळींत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. वय वीस, बुद्धि तल्लख, आणि संगणकावरील खेळांचा नाद इतका कीं फराळाचें ताटहि त्याच्या टेबलापाशीं न्यावें लागे. पुण्यांत तयार झालेल्या ‘राजी’ नांवाच्या एका खेळाविषयीं मीं कोठेंसें वाचलें होतें, म्हणून मोठ्या उत्साहानें त्याला विचारलें, “अरे, हा आपल्या पुण्याचा खेळ तूं पाहिलास का?” तो म्हणाला, “नाहीं मामा, आमच्यांतलें कोणी खेळत नाहीं तो.” खेळ वाईट आहे असें तो म्हणाला नाहीं, महाग आहे असेंहि म्हणाला नाहीं. त्याच्या मंडळींत तो कोणी खेळत नाहीं, एवढें कारण त्याला पुरेसें होतें. मला प्रथम हंसूं आलें. मग आठवलें कीं, गेल्या वर्षभरांत मीं जीं पांचसहा नवीं पुस्तकें विकत घेतलीं, त्यांपैकीं एकहि कोणाच्या तरी शिफारशीवांचून घेतलेलें नव्हतें.

गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु तिच्या मुळाशीं रसिकतेचा एक जुना प्रश्न आहे. नव्या कृतीपाशीं मनुष्य पहिल्यानें जातो तो कोणाचें बोट धरून, आणि तें बोट त्याला पुढें नेतें कीं मागें ओढतें? ग्रंथ आणि नाटकें यांच्या बाबतींत या प्रश्नाचा विचार पुष्कळ झाला आहे. संगणकावरील खेळांत तो अधिक उघडपणें पाहावयास मिळतो. कारण तेथें रसिकांच्या मंडळ्या चव्हाट्यावरच बसलेल्या असतात. त्या एकत्र खेळतात, खेळतांना बोलतात, दुसऱ्याचा खेळ तासन् तास पाहतात, आणि शेवटीं आपलें मत लिहूनहि ठेवतात. येथें एक खुलासा अवश्य आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर भारत सरकारनें २०२५ सालच्या ऑगस्टमध्यें कायदा करून बंदी घातली. त्या खेळांचा विचार प्रस्तुत लेखांत नाहीं. ज्यांत कल्पना आणि कौशल्य यांचा आनंद हेंच फळ आहे, अशाच खेळांविषयीं येथें बोलावयाचें आहे.

नवा खेळ हातीं घेणें हें नवें पुस्तक हातीं घेण्याहून जड आहे. पुस्तक चाळतां येतें. चित्रपट न आवडला तरी तीन तासांनीं संपतो. खेळ मात्र शिकावा लागतो. कोणत्या कळीनें उडी मारावयाची आणि कोणत्या कळीनें ढाल पुढें करावयाची, हें बोटांच्या अंगवळणीं पडेपर्यंत रस असा हातीं लागतच नाहीं. आणि एखादा मोठा खेळ पुरा करावयाचा तर चाळीसपन्नास तास सहज जातात. शिवाय काल ज्याचा शब्द मंडळींत चालत होता, तो नव्या खेळांत नवशिका होतो, आणि तें नवशिकेपण त्याला चारचौघांत सोसावें लागतें. अशा स्थितींत मनुष्यानें इतरांच्या तोंडाकडे पाहावें यांत नवल नाहीं. प्रश्न एवढाच कीं, त्या तोंडांवर त्याला काय दिसतें.

२००९ सालीं जपानांत ‘डीमन्स सोल्स’ नांवाचा खेळ निघाला. तो फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेनें रचला व सोनी कंपनीनें तेथें प्रसिद्ध केला. पण पाश्चात्य देशांत तो काढण्यास सोनीच तयार होईना. खेळ विलक्षण कठीण, पदोपदीं मृत्यु. तो कोणाला रुचेल असें तिला वाटलें नाहीं. परंतु आशियाकरितां निघालेली त्याची इंग्रजी आवृत्ति कांहीं हौशी खेळाडूंनीं परदेशांतून मागविली, आपसांत तिची वाखाणणी केली, आणि त्याच वर्षीं अ‍ॅटलस या दुसऱ्या कंपनीनें तो अमेरिकेंत प्रसिद्ध केला. जें व्यापाऱ्याला दिसलें नाहीं तें खेळाडूंना दिसलें. तें कां दिसलें याचें एक कारण खेळाच्या रचनेंतच आहे. येथें प्रत्येकजण बहुतेक वेळ आपल्या जगांत एकटाच असतो. पण वाटेंत इतरांनीं जमिनीवर लिहून ठेवलेले संदेश त्याला दिसतात. पुढें धोका आहे. येथें जपून पाऊल टाक. कांहीं संदेश खोटेहि असतात, तो भाग निराळा! कोठें रक्ताचा डाग दिसतो, त्याला स्पर्श केला कीं त्या जागीं पडलेल्या एखाद्या अनोळखी खेळाडूचे शेवटचे क्षण छायेसारखे समोरून जातात. या योजनेचें मूळ खेळाचा कर्ता हिदेताका मियाझाकी यानें स्वतःच सांगितलें आहे. बर्फानें झाकलेल्या चढावर गाड्या अडकल्या असतां मागच्या गाडीनें पुढच्या गाडीला रेटून वर चढविलें. ओळखदेख नाहीं, आभार मानावयासहि थांबणें नाहीं. असल्या मदतीनें कठीण खेळाची धास्ती कमी होते. मी एकटाच मूर्ख नाहीं, माझ्या आधीं शेंकडों जण येथें आपटले आहेत, हें कळणें ही नवशिक्याची केवढी तरी शिदोरी आहे.

परंतु याच मंडळीचें दुसरेंहि एक तोंड आहे. याच घराण्यांतल्या पुढील खेळांच्या वेळीं एखादा नवागत “हा खेळ मला जमत नाहीं” असें म्हणाला, कीं “आधीं खेळायला शीक” एवढेंच उत्तर त्याच्या अंगावर फेंकण्याची चाल पडली. ज्यांना काल कोणीं तरी रेटून वर चढविलें होतें, तेच वर पोंचल्यावर चढ किती उभा आहे याची फुशारकी मारूं लागले. आपल्याकडे गाण्याच्या बैठकींत मान डोलावणारे कांहीं जाणते शेजारच्या अजाण श्रोत्याकडे ज्या नजरेनें पाहतात, ती नजर वाचकांस ठाऊक आहेच. त्या नजरेनें पुष्कळांचें गाणें सुटलें आहे.

दुसरें उदाहरण ‘अमंग अस’ या खेळाचें. कोणे एके काळीं घरोघर चिठ्ठ्या टाकून राजा, राणी, चोर, शिपाई असा खेळ चाले. त्याचाच हा दूरचा नातलग म्हणावयास हरकत नाहीं. एका यानावर दहाजण, त्यांत एकदोन छुपे घातकी. बाकीच्यांनीं वादविवाद करून त्यांना हुडकून काढावयाचें. इनरस्लॉथ या अवघ्या तीन माणसांच्या संस्थेनें तो २०१८ च्या जूनमध्यें प्रसिद्ध केला, आणि सुमारें दोन वर्षें त्याची फारशी वाच्यता झाली नाहीं. पुढें २०२० सालीं साथीमुळें जग घरांत कोंडलें गेलें असतां, ट्विचवर आपला खेळ लोकांना दाखविणाऱ्या कांहीं खेळाडूंनीं तो उचलला, आणि बघतां बघतां तो घरोघर गेला. त्या वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकन काँग्रेसच्या सभासद अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनीं तो खेळून दाखविला, तेव्हां एका वेळीं चार लाखांवर प्रेक्षक होते. कर्त्यांनीं ऑगस्टांत दुसरा भाग जाहीर केला होता. तो बेत सप्टेंबरांत सोडून त्यांनीं जुन्याच खेळाची डागडुजी करण्याचें ठरविलें. दोन वर्षांत खेळ तोच राहिला होता; बदलली होती ती त्याच्या भोंवतालची मंडळी. येथें मला महत्त्वाचें वाटतें तें असें कीं, पाहणाऱ्यांना खेळ चांगला असल्याचें कोणीं पटवून दिलें नाहीं. त्यांनीं दहा माणसांना चुकतांना, खोटें बोलतांना, पकडलें जातांना आणि पोट धरून हंसतांना पाहिलें. नियम पाहतां पाहतां कळले, चुकण्याची लाज पाहतां पाहतां गेली, आणि आपणहि चौघांना जमवावें असें वाटूं लागलें.

मात्र मंडळी नव्याकडे नेते त्याहून अधिक वेळां ती जुन्याशीं बांधून ठेवते, हेंहि खरें. आपल्याच देशांतील गोष्ट घ्या. ‘पब्जी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजीं बंदी आली. पुढें २ जुलै २०२१ रोजीं तोच खेळ थोड्याफार फेरफारानें ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नांवानें परत आला. मधल्या दहा महिन्यांत दुसरे खेळ नव्हते असें नाहीं. २६ जानेवारी २०२१ रोजीं ‘फौजी’ हा एतद्देशीय खेळ मोठ्या गाजावाजानें निघालाहि. तरी जुना खेळ येतांच विसकटलेल्या चौकड्या पुन्हा जमल्या. मला वाटतें, ते जितके खेळाकडे परतले तितकेच एकमेकांकडे परतले. चौघांपैकीं एकानें नवा खेळ धरावयाचा तर त्याला प्रथम एकटें व्हावें लागतें, आणि संध्याकाळच्या गप्पांचें मोल देऊन नवलाई विकत घेणारे विरळा. “आमच्यांतलें कोणी खेळत नाहीं” या माझ्या भाच्याच्या वाक्यांत आळस नव्हता, तर सोबत सुटण्याचें भय होतें, हें मला येथवर विचार केल्यावर उमगलें.

आतां लेखी मतांकडे वळूं. व्हॉल्व्ह कंपनीनें २००३ सालीं सुरू केलेल्या स्टीम या संगणकीय खेळांच्या पेठेंत २०१३ च्या अखेरीपासून ग्राहकांना अभिप्राय लिहितां येतो. प्रत्येकानें अंगठा वर किंवा खालीं करावयाचा. त्या अंगठ्यांच्या शेंकडेवारीवरून खेळाच्या कपाळीं अनुकूल, संमिश्र, प्रतिकूल अशी चिठ्ठी लागते. लिहिणारा तो खेळ किती तास खेळला हें मताशेजारींच छापलेलें असतें; ही सोय ग्रंथपरीक्षणांतहि असती तर कित्येक परीक्षकांची पंचाईत झाली असती! शिवाय २०१५ पासून, घेतल्यास चौदा दिवसांहून अधिक लोटले नसतील व खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल, तर तो परत करतां येतो. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करण्याची मुभा प्रत्येकास आहे. असें असूनहि पुष्कळजण शीत चाखीत नाहींत. चिठ्ठी वाचतात आणि पुढें जातात.

ही चिठ्ठी निरर्थक आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं. २०१६ च्या ऑगस्टमध्यें हेलो गेम्स या लहानशा इंग्रज संस्थेचा ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ आला. ग्रहांची संख्या वीस आंकडी, आकाश अफाट. परंतु आधीं वर्णिलेल्या कित्येक गोष्टींचा, विशेषतः दुसऱ्या खेळाडूची गांठ पडण्याचा, पत्ताच नव्हता. खेळाडूंनीं आपला संताप अभिप्रायांत ओतला, आणि तो रास्त होता. संस्थेनें वाद घालण्याऐवजीं कामास आरंभ केला. एकामागून एक सुधारणा आल्या, त्या सर्व फुकट. २०१८ च्या जुलैंत खऱ्या अर्थानें एकत्र खेळणें शक्य झालें. तरी सर्व मतांची मिळून चिठ्ठी चांगलीच अनुकूल होण्यास २०२४ साल उजाडावें लागलें. खेळ सुधारला, पण पहिला निकाल आठ वर्षें पुसला जात होता. त्या अवधींत जे आले ते कोणा मित्रानें “आतां ये, पाहा काय झालें आहे” असें म्हटल्यामुळें आले असावेत. जुन्या चिठ्ठीनें त्यांना खासच बोलाविलें नसणार.

२०२४ सालचें ‘हेलडायव्हर्स २’चें प्रकरणहि असेंच बोधप्रद आहे. संगणकावर हा खेळ खेळणाऱ्यांनीं सोनीचें खातें जोडलेंच पाहिजे असें मे महिन्याच्या आरंभीं जाहीर झालें. ज्या देशांत असें खातें काढण्याची सोयच नाहीं तेथील खेळाडूंचें काय, हा प्रश्न उभा राहिला. दोनतीन दिवसांत दोन लाखांच्या आसपास प्रतिकूल मतें पडलीं आणि सोनीनें माघार घेतली. संघटित लोकमताचा हा विजय मी कमी लेखीत नाहीं. पण त्या आठवड्यांत ज्यानें प्रथमच या खेळाचें पान उघडलें असेल, त्याला खेळ कसा आहे हें त्या मतांतून कळलें नसतें; लोक रागावले आहेत, एवढेंच कळलें असतें.

तात्पर्य, या मंडळ्या दोन निरनिराळीं कामें करतात आणि दोहोंची आपण गल्लत करतों. पंच म्हणून त्या ग्राहकाला फसवणुकीपासून वांचवितात, कंपनीला वठणीवर आणतात. हें काम झालेंच पाहिजे. परंतु पंचाचा निर्णय ऐकून मनुष्याचे पैसे वांचतात, त्याची रुचि वाढत नाहीं. रुचि वाढते ती खेळगड्यामुळें: जो स्वतः चुकतो, आपली चूक दिसूं देतो, आणि चढावर मागून रेटा देतो त्याच्यामुळें. ज्या मंडळींत पंच फार आणि खेळगडी थोडे, तेथें सर्वजण बिनचूक निवड करतात आणि सर्वांची निवड एकच असते. मासिकाच्या पानांवरून पुस्तकांचे निकाल देणाऱ्या आम्हां मंडळींनींहि हें ध्यानांत धरण्यासारखें आहे. माझ्या परीक्षणांमुळें किती वाचक पुस्तकापासून परावृत्त झाले हें मला सांगतां येईल. किती जणांना मीं बोट धरून आंत नेलें, हें सांगतां येत नाहीं.

भाऊबीजेच्या रात्रीं मीं ‘राजी’ विकत घेतला आणि खुर्ची ओढून भाच्याशेजारीं बसलों. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं काढलेला हा खेळ. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधीत निघालेली एक पोर, पाठीशीं दुर्गा. राजस्थानी वळणाचे महाल, आणि मधली कथा सांगावयास छायाबाहुल्या. पहिल्याच कड्यावरून मी तीनदां पडलों. भाचा आधीं हंसला, मग म्हणाला, “मामा, थोडं थांबून उडी मारा.” खेळाला दोष आहेत, लढाईंत पुढें पुढें तोचतोपणा येतो आणि शेवट तर घाईघाईनें गुंडाळल्यासारखा वाटतो. पण भिंतीवरील चित्रांपाशीं थांबून दुर्गेचें कथन ऐकतांना माझा भाचा दोन वेळां “थांबा, हें पुरतं ऐकूं या” असें म्हणाला. परत जातांना त्यानें आपल्या मित्रांना काय सांगितलें मला माहीत नाहीं. परवां मात्र त्याचें पत्र नव्हे, निरोप आला: “आमच्यांतले दोघे खेळताहेत. तुम्ही कुठंवर पोंचलांत?”