परिचर्या शिक्षणातील अध्यापकांची टंचाई : एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. पदव्युत्तर शिक्षणाचा प्रारंभ मात्र दिल्लीत १९५९ मध्ये झाला. परिचारिका घडविणारा अध्यापक स्वतः कोठे घडणार, हा प्रश्न या १३ वर्षांच्या अंतरातच दडलेला होता. परिचर्या शिक्षणाचा विस्तार आजही याच क्रमाने होत आहे.

समस्येचे स्वरूप

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयांलगत १५७ नवी परिचर्या महाविद्यालये स्थापण्यास मान्यता दिली. त्यासाठी १,५७० कोटी रुपयांचा खर्च व दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधरांची भर अपेक्षित धरण्यात आली. अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्याने पूर्ण क्षमतेने तेथे सुमारे ६२,८०० विद्यार्थी असतील. भारतीय परिचर्या परिषदेच्या 'दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक' या निकषानुसार सुमारे ६,२८० अध्यापक लागतील. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहू शकते. पदव्युत्तर अध्यापकास मात्र चार वर्षांची पदवी, किमान एक वर्षाचा अनुभव व दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण अशी सात वर्षे लागतात. वरिष्ठ पदांसाठीचा अध्यापनानुभव त्याखेरीज.

परिणाम

औषधाची मात्रा काढणे, सलाईन लावणे, प्रसूतीच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे ही कौशल्ये रुग्णाच्या खाटेशेजारी, अध्यापकाच्या नजरेखाली आत्मसात होतात. अध्यापक अपुरे असले, तरी वर्गातील तासिका कशाबशा पार पडतात. वॉर्डातील देखरेख प्रथम सुटते. विद्यार्थी शिकाऊ न राहता रुग्णालयाचे बिनपगारी मनुष्यबळ बनतो आणि त्याच्या चुकीची किंमत रुग्णास मोजावी लागते. पुढे हाच विद्यार्थी पाठ्यनिर्देशक झाला, तर उणीव एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते.

उपाययोजना

टंचाईचे दुसरे कारण सेवा व अध्यापन यांच्या विभक्त वाटांत आहे. अनुभवी परिचारिका वर्गात येत नाही आणि अध्यापिका वॉर्डापासून दुरावते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये एकाच व्यक्तीकडे दोन्ही जबाबदाऱ्या सोपविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. महाविद्यालय व रुग्णालय एकाच आवारात असणाऱ्या नव्या संस्थांना हा मार्ग विशेष सोयीचा ठरावा.

समारोप

१९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा संमत केला. निकष कडक केल्याने अध्यापक निर्माण होत नाहीत. शिथिल केल्याने केवळ टंचाई कागदावरून नाहीशी होते. म्हणून पदवीच्या जागा वाढविण्यापूर्वी पदव्युत्तर जागा वाढविणे व सेवेतील परिचारिकांना त्यासाठी सवेतन रजा देणे अगत्याचे आहे.