गुण आणि संख्या : व्हिडिओ गेमच्या समीक्षेची भाषा

मराठी व्याकरणात गुणविशेषण व संख्याविशेषण हे भेद निराळे मानले आहेत. व्हिडिओ गेमची यंत्रे विकणाऱ्यांनी हा भेद बुद्ध्याच पुसला, आणि समीक्षकांनी त्यास फारशी हरकत घेतली नाही.

'बिट' ही प्रोसेसर एका वेळी किती माहिती हाताळतो हे सांगणारी संज्ञा. १९८९ साली सेगाने अमेरिकेत 'जेनेसिस' आणले व निन्टेंडोच्या ८ बिटांच्या यंत्रापुढे '१६ बिट' हे पद उभे केले. त्याच वर्षी एनईसीचे 'टर्बोग्राफ्क्स-१६' तेथे आले. जपानात १९८७ मध्ये 'पीसी इंजिन' म्हणून निघालेल्या ह्या यंत्राचा मुख्य प्रोसेसर ८ बिटांचाच होता; चित्रे रेखणारा भाग तेवढा १६ बिटांचा. नावातील संख्येने मोजमाप सोडून बिरुदाचे काम पत्करले होते. १९९३ च्या अटारी 'जॅग्वार'ने तर ६४ हा आकडा मिरवून जाहिरातींतून ग्राहकास गणित करण्याचे आव्हान दिले. जेनेसिसमधील मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर मात्र त्याच्याही पोटात होता.

परीक्षणांची मांडणीही अशाच कोष्टकाची झाली. 'गेमप्रो' हे अमेरिकन मासिक चित्रे, ध्वनी, नियंत्रण व रंजकता ह्यांस स्वतंत्र आकडे देत असे. गाण्याच्या बैठकीत सुरास इतके, तबल्यास इतके, असे गुण मांडावेत, त्यातलाच हा प्रकार. (मराठीत 'गुण' हा एकच शब्द परीक्षेतील आकड्यास व अंगच्या चांगुलपणासही चालतो, ही अडचण आपल्याही घरची आहे.) जपानच्या 'फामित्सु'ची रीत त्यामानाने बरी. चार परीक्षक, प्रत्येकाचे १० गुण. ४० पैकी ४० गुण १९९८ मध्ये प्रथम 'ऑकारिना ऑफ टाइम'ला मिळाले. तेथे चौघांचे मतभेद निदान शेजारी शेजारी उभे राहतात.

२००१ पासूनच्या 'मेटाक्रिटिक'च्या सरासरीत तेही उरत नाहीत. 'फॉलआउट : न्यू वेगास' (२०१०) ह्या खेळाच्या निर्मात्यांस अतिरिक्त मोबदल्यासाठी ८५ सरासरी हवी होती, ती ८४ भरली, असे त्यांच्यापैकीच ख्रिस ॲव्हेलोन ह्यांनी २०१२ मध्ये सांगितले. समीक्षकाच्या लेखणीचे मोल येथे शब्दशः पैशांत उतरले, आणि तेही त्याच्या एकाही वाक्याची दखल न घेता. संवादलेखनाची स्तुती व प्रारंभीच्या तांत्रिक दोषांची तक्रार ह्या खेळाच्या अनेक परीक्षणांत एकत्र आढळते. ८४ मध्ये ह्यांपैकी कशाचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून कोणासही सांगता येणार नाही.