एल्फिन्स्टन सर्कल ते दलाल स्ट्रीट : मुंबईच्या अर्थपेठेची ऐतिहासिक चित्रे आणि वऱ्हाडचा कापूस

बीजशब्द : एल्फिन्स्टन सर्कल, दलाल स्ट्रीट, शिळाछाप, छायाचित्र, कापूस, वऱ्हाड, चित्रचिकित्सा.

प्रस्तावना :

मुंबईच्या फोर्ट विभागातील टाउन हॉल, त्यासमोरील एल्फिन्स्टन सर्कल आणि तेथून जवळच असलेला दलाल स्ट्रीट हा परिसर एकोणिसाव्या शतकापासून पश्चिम भारताच्या आर्थिक व्यवहारांचे केंद्र राहिला आहे. या परिसराची शिळाछापाची चित्रे, जुनी छायाचित्रे व पोस्टकार्डे आज पाठ्यपुस्तकांत, स्मरणिकांत, दिनदर्शिकांत आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत वारंवार छापली जातात. त्यांच्याखाली बहुधा 'जुनी मुंबई' एवढीच ओळ असते. चित्र म्हणजे जणू भूतकाळाची उघडी खिडकी, असे या वापरामागील गृहीतक आहे.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. ज्या व्यवहाराच्या बळावर ही पेठ उभी राहिली तो व्यवहार, तो करणारी माणसे आणि ज्या प्रदेशाच्या मालावर तो चालला तो प्रदेश या चित्रांत अत्यल्प दिसतो. दिसतात त्या प्रामुख्याने इमारती. मोर्शीसारख्या अमरावती जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. कारण या पेठेतील भावपत्रकांत अमरावतीचे नाव दीर्घकाळ छापले जात होते.

'बॉम्बे ग्रीन' आणि शिळाछापाची चित्रे :

आज जेथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे तेथे पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' हे मोकळे पटांगण होते. त्याच्या एका अंगास १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च, तर दुसऱ्या अंगास कर्नल थॉमस काउपर यांच्या आराखड्यानुसार १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल. याच पटांगणावर कापसाचा व्यापार चाले, म्हणून त्याला 'कॉटन ग्रीन' असेही म्हणत. १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्याला हलविण्यात आला आणि विसाव्या शतकात तो शिवडीकडे गेला. रेल्वेच्या 'कॉटन ग्रीन' या स्थानकाच्या नावात त्याची स्मृती शिल्लक आहे.

जोसे गोन्साल्विस या चित्रकाराचा 'लिथोग्राफिक व्ह्यूज ऑफ बॉम्बे' हा शिळाछापाच्या चित्रांचा संच १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या दृश्य-इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. मात्र तो कोणासाठी तयार झाला, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. अशा संचांचे ग्राहक प्रामुख्याने कंपनी सरकारचे अधिकारी, युरोपीय व्यापारी आणि मायदेशी परतताना आठवण घेऊन जाऊ इच्छिणारी कुटुंबे असत. त्यांच्या अभिरुचीस अनुसरून चर्च, पटांगण, तटबंदी आणि दुतर्फा घरे असलेला रस्ता हे विषय निवडले जात.

याच सुमारास, १८२५-२६ मध्ये, विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मोठ्या प्रमाणावर मुंबईस पाठविण्यास आरंभ केला. तत्पूर्वी वऱ्हाडच्या कापसाचा ओघ मुख्यतः नागपूरमार्गे मिर्झापूरकडे होता. म्हणजे मुंबईची ही दृश्ये दगडावर उतरत होती त्याच सुमारास वऱ्हाड आणि मुंबई यांचे आर्थिक नाते घडू लागले होते. पश्चिम घाट उतरून येणारे लादलेल्या बैलांचे तांडे मात्र या दृश्यपरंपरेचा विषय झाले नाहीत. चित्रकाराने खोटे काढले असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या ग्राहकाला ते नको होते, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

एल्फिन्स्टन सर्कल : दर्शनी भागाचे छायाचित्र :

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच काळात फोर्टचे तट पाडण्याचा निर्णय गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत अमलात आला. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेनुसार बॉम्बे ग्रीनच्या जागी वर्तुळाकार चौक आखण्यात आला व भोवतालचे भूखंड व्यापारी कंपन्यांना विकण्यात आले. सारख्या उंचीच्या, इटालियन वळणाच्या, खाली कमानींची ओळ असलेल्या इमारती आणि मध्ये बाग अशी ही रचना १८७२ च्या सुमारास पूर्णत्वास गेली.

हा चौक जणू छायाचित्रासाठीच बांधला गेला असावा, अशी त्याची रचना आहे. टाउन हॉलच्या उंच पायऱ्यांवर कॅमेरा ठेवला की समोर बाग, तिच्यामागे कमानींचे अर्धवर्तुळ आणि त्यावर चर्चचा मनोरा असे समतोल दृश्य सहज मिळते. त्यामुळे व्यावसायिक छायाचित्रकारांच्या दृश्यसंग्रहांत आणि पुढे पोस्टकार्डांवर हा चौक पुनःपुन्हा आला. या चित्रांतील रस्ते बरेचदा रिकामे वा विरळ दिसतात. त्यावरून 'त्या काळची मुंबई किती शांत होती' असा भाव आजच्या वाचकाच्या मनात उमटतो. तो पुष्कळ अंशी तांत्रिक कारणांनी निर्माण झालेला आहे. १८५१ पासून प्रचारात आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत दृश्य टिपण्यास काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात स्थिर इमारत स्पष्ट उमटे. चालणारा हमाल, धावणारी गाडी, हातवारे करणारा दलाल यांची केवळ धूसर रेघ उरे किंवा तीही उरत नसे. १८८० च्या दशकात कोरड्या जिलेटिन काचा रूढ झाल्यावर हालचाल टिपणे सुकर झाले. परंतु तोपर्यंत या चौकाचे 'प्रमाण' दृश्य ठरून गेले होते आणि पुढील छायाचित्रकारांनी बव्हंशी तेच गिरविले.

माणसांचा वेगळा संग्रह :

मग माणसे कोठे गेली? याचे उत्तर विल्यम जॉन्सन यांच्या कार्यात सापडते. जॉन्सन हे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या (स्थापना १८५४) आरंभीच्या मंडळींपैकी होत. 'दि ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा त्यांचा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात गुजरात, कच्छ व काठेवाड येथील, तर दुसऱ्या भागात महाराष्ट्रातील जातिसमूहांची चित्रे आहेत. शेअरबाजाराच्या उन्मादाच्या ऐन काळात, म्हणजे ज्या वर्षांत व्यापारी व दलाल यांच्या हातांतून प्रचंड उलाढाल होत होती त्याच वर्षांत, यांपैकी पहिला भाग प्रकाशित झाला.

या ग्रंथातील अनेक चित्रांची घडण लक्षणीय आहे. माणसांची छायाचित्रे स्वतंत्रपणे घेऊन नंतर ती बाहेरच्या दृश्याच्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. तसेच माणसांची ओळख व्यक्ती म्हणून न देता जातीचा नमुना म्हणून दिलेली आहे. परिणामी एका संग्रहात माणसांविना रस्ता आणि दुसऱ्या संग्रहात रस्त्याविना माणसे अशी विभागणी झाली. रस्ता हे वास्तुकलेचे दालन ठरले आणि व्यापारी हा मानववंशशास्त्राचा विषय ठरला. आर्थिक कृती, म्हणजे सौदा, बोली, वायदा व विश्वास, या दोहोंच्या मधल्या फटीत हरवली.

दलाल स्ट्रीट : अरुंद गल्लीची अडचण :

१८५० च्या दशकात शेअरदलाल टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली जमत. पुढे ते मेडोज स्ट्रीटच्या बाजूस सरकले व १८७४ मध्ये आज दलाल स्ट्रीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्लीत स्थिरावले. १८७५ मध्ये 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन'ची स्थापना झाली आणि १८९९ मध्ये दलालांच्या सभागृहाचे उद्घाटन झाले. मुंबईचे खरे भांडवली हृदय येथे धडधडत होते. तथापि अरुंद गल्लीत कॅमेरा मागे नेण्यास जागा नसते, समतोल दर्शनी भाग सापडत नाही आणि गर्दी स्थिर राहत नाही. स्मरणचित्रांच्या बाजारात म्हणूनच सर्कलला जे स्थान मिळाले ते या गल्लीला मिळाले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी लिखित साधनांकडे वळावे लागते. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये, म्हणजे तेजीच्या मध्यावरच, प्रसिद्ध झाले. शहरातील रस्ते व इमारती यांच्याबरोबर तेथील जातिजमाती, धंदे व चालीरीती यांना त्यात जागा आहे. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हा तेजीचा डोलारा कोसळला आणि पुढे १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. या घडामोडी तरुणपणी पाहिलेल्या दिनशा वाच्छा यांनी १९१० मधील आपल्या आर्थिक इतिहासपर पुस्तकात आणि १९२० मधील 'शेल्स फ्रॉम द सँड्स ऑफ बॉम्बे' या आठवणींत त्या काळाची हकीकत नोंदविली. या दिवाळखोरीनंतरही सर्कलच्या कमानी छायाचित्रांत तितक्याच भव्य दिसतात. सर्कलच्या कोणत्याही चित्रावरून १८६५ चा हाहाकार ओळखता येणार नाही. दृश्य साधनांची मर्यादा दाखविणारे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

वऱ्हाड : शब्दांत उपस्थित, चित्रांत अनुपस्थित :

मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापसाची एक स्वतंत्र जात 'उमरावती' किंवा संक्षेपाने 'उमरा' या नावाने ओळखली जाई. हे अमरावतीचेच व्यापारी रूप होय. ७८४ पौंडांच्या खंडीचा जो भाव मुंबईत पुकारला जाई, त्यावर शेकडो मैलांवरील कास्तकाराचा संसार अवलंबून होता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाखाली आला. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खामगावचा रेल्वे फाटा खुला झाला. त्यानंतर बाजारभावाची तार आणि कापसाच्या गाठी यांची ये-जा वेगाने होऊ लागली.

१८६२ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात मुंबईच्या जी.आय.पी. रेल्वे स्थानकावर पडून असलेल्या कापसाच्या गाठींचे चित्र छापून आले. कापूस येथे चित्राच्या केंद्रस्थानी आला खरा. पण त्याच्या शीर्षकात मुंबईच्या स्थानकाचा आणि गाठींच्या इंग्लंडकडील प्रवासाचा उल्लेख आहे, तो पिकविणाऱ्या मुलखाचा नाही. गाठ बांधली गेली की कापसाचे गाव पुसले जाते. त्या शीर्षकाने नकळत हेच केले आहे.

याउलट वऱ्हाडच्या बाजूने पाहिल्यास व्यवहाराची वेगळी बाजू समोर येते. वजनमाप, अडत आणि भाव यांविषयीच्या प्रश्नांतून १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातील नियंत्रित बाजारपेठांच्या इतिहासात या दोन्ही घटना आरंभीच्या मानल्या जातात. मुंबईच्या पेठेचा इतिहास केवळ मुंबईत लिहिता येत नाही, त्याचा अर्धा भाग कारंजा, खामगाव, अकोला व अमरावती येथे आहे, असे यावरून म्हणता येईल.

चित्रांचे प्रामाण्य कोठे मान्य करावे? :

या मर्यादांमुळे ही चित्रे टाकाऊ ठरत नाहीत. वास्तूंची उंची, नगररचना, दिव्यांचे खांब, रस्त्यांची रुंदी यांबाबत ती उत्तम साक्ष देतात. कालनिश्चितीसाठीही त्यांतील तपशील उपयोगी पडतात. मोकळे पटांगण दिसत असल्यास चित्र सर्कलपूर्वीचे होय. मुंबईत गॅसचे रस्तादिवे १८६५ मध्ये, घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आणि विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. त्यांच्या खुणा दिसल्यास चित्राची पूर्वमर्यादा ठरविता येते. 'हॉर्निमन सर्कल' हे नाव 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांच्या गौरवार्थ स्वातंत्र्यानंतर देण्यात आले, म्हणून मूळ छपाईत ते नाव असलेले पोस्टकार्ड त्यापूर्वीचे असू शकत नाही. मात्र खूण नसणे हा पुरावा मानताना सावध राहावे, कारण ट्राम प्रत्येक रस्त्यावरून जात नव्हती.

निष्कर्ष :

१) मुंबईच्या अर्थपेठेच्या ऐतिहासिक चित्रांत इमारतींना प्राधान्य आहे. तत्कालीन तंत्र, ग्राहकवर्ग आणि दृश्यपरंपरा या तिन्ही घटकांनी ते घडविले.

२) रस्ता आणि माणसे यांची दोन स्वतंत्र संग्रहांत झालेली विभागणी हे वसाहतकालीन दृष्टीचे वैशिष्ट्य आहे. या दोन्ही प्रकारची चित्रे शेजारी ठेवून वाचली तरच पेठेचे सामाजिक रूप आकळते.

३) वऱ्हाडचा कापूस या पेठेच्या भाषेत आहे, चित्रात नाही. ही अनुपस्थिती स्थानिक साधनांनी भरून काढणे शक्य आहे. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांची कागदपत्रे, अडत्यांच्या चोपड्या, बाजार समित्यांची दप्तरे आणि तालुक्याच्या गावांतील जुन्या स्टुडिओंतील काचा व छायाचित्रे यांचे जतन महाविद्यालयांच्या इतिहास, वाणिज्य व मराठी विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे.

४) जुने चित्र वर्गात दाखविताना ते कोणी, कोणासाठी, कोणत्या तंत्राने आणि काय वगळून काढले, हे चार प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे.

१९८० मध्ये दलाल स्ट्रीटवर उंच मनोरा उभा राहिला. १९९५ पासून संगणकीय व्यवहार सुरू झाले व सभागृहातील आरोळ्या थांबल्या. आज बाजाराची बातमी आली की त्या मनोऱ्याचेच छायाचित्र छापले जाते. दोनशे वर्षांपूर्वी रूढ झालेली नजर अद्याप बदललेली नाही. पेठ म्हणून इमारतच दाखविली जाते आणि भावाची झळ ज्याला लागते तो कास्तकार चौकटीबाहेरच राहतो. मोर्शी तालुक्यात आता कापसाच्या जोडीला संत्र्याच्या बागा आहेत, आणि त्या फळाचा भावही दूरच्या बाजारांत ठरतो. त्या बाजारांची चित्रे उद्याचा अभ्यासक पाहील, तेव्हा त्याला वऱ्हाड दिसावा यासाठीची नोंद आजच होणे अगत्याचे आहे.