‘जमिनीचा एक्स-रे’ : एका उपमेची तपासणी

पुरातत्त्वावरील लोकप्रिय लेखांत आणि माहितीपटांत एक वाक्य हमखास भेटते : ‘आता न खणताच जमिनीच्या पोटातले दिसते, हा जणू जमिनीचा एक्स-रेच!’ भूभौतिकी सर्वेक्षणाचा विषय वर्गात निघाला तर आपण शिक्षकही बहुधा याच उपमेचा आधार घेतो. उपमा सोपी आहे आणि मुलांना चटकन पटते. परंतु सोपी उपमा योग्य असेलच असे नाही. ही उपमा कोठे टिकते आणि कोठे मोडते, हे यवतमाळ जिल्ह्याच्या मातीवर तपासून पाहू या.

प्रथम मूळ एक्स-रेचा विचार करू. तेथे किरणांचा उगम शरीराच्या एका बाजूला आणि फिल्म दुसऱ्या बाजूला असते. शरीरात हाड कोठे असायला हवे हे डॉक्टरला आधीच ठाऊक असते. जमिनीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नाहीत. उपकरण फक्त वरच्या बाजूने फिरते आणि खाली काय असावे हाच तर प्रश्न असतो.

मग उपकरण मोजते काय? विद्युतरोध पद्धतीत जमिनीत चार सळ्या रोवतात. दोन सळ्यांतून प्रवाह सोडतात आणि उरलेल्या दोन सळ्यांमधील विभवांतर मोजतात. ओहमचा नियम येथे शेतात उतरतो. कोरड्या दगडी भिंतीवर रोध वाढतो, ओलसर मातीने भरलेल्या जुन्या खंदकावर तो घटतो. रिचर्ड अॅटकिन्सन यांनी १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये ही पद्धत पुरातत्त्वासाठी वापरली. दुसरी पद्धत चुंबकीय. भट्टीत माती तापते तेव्हा तिच्यातील लोहाच्या ऑक्साइडांचे चुंबकत्व विस्कटते. मॅग्नेटाइटसाठी ही मर्यादा सुमारे ५८० अंश सेल्सिअस आहे. माती निवताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा तिच्यात गोठून बसते. म्हणूनच मार्टिन एटकेन यांना १९५८ मध्ये इंग्लंडमध्येच प्रोटॉन चुंबकत्वमापकाने रोमनकालीन कुंभारभट्ट्या शोधता आल्या. तिसरी पद्धत भूवेधी रडारची. तिच्यात जमिनीत रेडिओ लहरी सोडतात आणि त्यांचे प्रतिध्वनी टिपतात.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. उपकरण वस्तू मोजत नाही, ते फरक मोजते. भोवतालच्या मातीपेक्षा वेगळे काहीतरी येथे आहे, एवढेच त्याला सांगता येते. ते ‘काहीतरी’ भिंत आहे, नैसर्गिक खडक आहे की परवा पुरलेली लोखंडी नळी आहे, हे ठरविण्याचे काम माणसाचे असते.

आता लोकप्रिय लेखन ज्या ग्रीक नगरांची उदाहरणे देते, ती पाहू. दक्षिण इटलीतील सिबारिस ही श्रीमंत ग्रीक वसाहत इ. स. पू. ५१० मध्ये नष्ट झाली आणि क्राती नदीच्या गाळाखाली गाडली गेली. १९६० च्या दशकात कार्लो लेरिची यांची संस्था आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे संग्रहालय यांनी तिचा शोध घेतला. ‘चुंबकत्वमापकाने सिबारिस शोधले’ असे एका ओळीत सांगितले जाते. त्या ओळीतून बरेच काही गळते. शोध कित्येक वर्षे चालला होता. नगर कित्येक मीटर गाळाखाली आणि भूजलपातळीच्याही खाली होते. प्रोटॉन चुंबकत्वमापक अपुरा पडू लागला, म्हणून त्याहून कितीतरी संवेदनशील असा सीझियमचा मापक आणावा लागला. आणि खूण मिळाली तेथे जमिनीत छिद्रे पाडून वर आलेले खापरांचे तुकडे तपासावे लागले. शिवाय त्याच जागी पुढे थुरी हे ग्रीक नगर आणि नंतर रोमनांचे कोपिया वसले होते. सापडलेली भिंत या तिघांपैकी कोणाची, हे उपकरण सांगू शकत नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ग्रीसमधील हेलिकी हे नगर इ. स. पू. ३७३ मध्ये भूकंप आणि समुद्राच्या लाटेने एका रात्रीत नाहीसे झाले. ते समुद्रतळाशी असेल असे मानून आधी पाण्याखाली ध्वनिलहरींनी शोध झाला. तो निष्फळ ठरला. दोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर यांनी मग किनाऱ्यावरील गाळाच्या मैदानाकडे लक्ष वळविले. १९९४ मध्ये पात्रास विद्यापीठाच्या साहाय्याने केलेल्या चुंबकीय सर्वेक्षणात एका इमारतीचा आराखडा स्पष्ट उमटला. १९९५ मध्ये तेथे खणले तेव्हा इमारत खरोखरच निघाली. पण ती रोमनकालीन होती! हेलिकीचे अभिजात काळातील अवशेष हाती आले ते २००१ मध्ये, अनेक विंधनछिद्रे आणि चाचणी खड्डे घेतल्यानंतर. उपकरण चुकले होते का? मुळीच नाही. त्याने इमारत दाखविली, ती होतीच. तारीख मात्र त्याच्या कक्षेत नव्हती. एक्स-रेच्या उपमेत हा भेद पुसला जातो. माझा पहिला आक्षेप हा आहे.

दुसरा आक्षेप आपल्या मातीचा आहे. ग्रीसमध्ये पुष्कळ ठिकाणी चुनखडक आहे. त्याला स्वतःचे चुंबकत्व जवळजवळ नसते, त्यामुळे चुंबकीय खुणा स्वच्छ पार्श्वभूमीवर उठून दिसतात. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. हा लाव्हारस थंड होतानाच त्यात चुंबकत्व गोठलेले असते. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र येथे ४४,००० नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. त्यात पुरलेल्या भिंतीने पडणारा फरक अनेकदा काही नॅनोटेस्लाचाच असतो. उलट वर विखुरलेला बेसॉल्टचा एखादा धोंडा त्याच्या कितीतरी पट फरक दाखवू शकतो. बाजारातल्या गोंगाटात कुजबूज ऐकण्याचा हा प्रकार आहे. त्यातच येथे चुंबकरेषांचा क्षितिजाशी असलेला कोन ३० अंशांच्या आसपास आहे. ग्रीसमध्ये तो ५० अंशांहून अधिक आहे. त्यामुळे येथील आलेखात वस्तूच्या दक्षिणेला उंचवटा आणि उत्तरेला ठळक खळगा दिसतो. केवळ उंचवटा पाहून खणणारा जागा चुकणार.

काळ्या मातीचेही तसेच. ती चिकणमाती आहे. ओली असताना वीज सहज वाहून नेते, त्यामुळे रडारच्या लहरी थोड्याच खोलीत विरून जातात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि सळ्यांचा मातीशी नीट संपर्क होत नाही. म्हणजे एकाच शेताचा नकाशा श्रावणात एक आणि वैशाखात दुसरा! जिल्ह्याच्या पूर्वेला वणी-राजूर भागात मात्र चुनखडक आहे. तेथे चुंबकीय पद्धत अधिक सरळपणे चालावी. एकाच जिल्ह्यात पद्धतीचा कस बदलतो, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप खोलीचा. बाभुळगाव तालुक्यातील पाचखेड येथे २०२३-२४ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. तेथील टेकाडात लोहयुगापासून सातवाहन आणि मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर सुमारे पावणेनऊ मीटर जाडीत एकावर एक साचलेले आढळले. आता हिशेब करू. लहान वस्तूचा चुंबकीय परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की परिणाम आठवा भाग उरतो. समजा, एखाद्या भट्टीमुळे १ मीटरवर २०० नॅनोटेस्लाचा फरक पडतो. तीच भट्टी ८ मीटर खोल असेल तर ८ गुणिले ८ गुणिले ८, म्हणजे ५१२ ने भागावे लागेल. उरले ०.४ नॅनोटेस्ला. वरच्या थरांतील विटा-दगडांनी हा आवाज केव्हाच गिळला असेल. शिवाय विदर्भातील लोहयुगीन घरे बरीचशी कुडाची आणि लाकडी खांबांची. त्यांचे उरतात ते खांबांचे खळगे. सिबारिसच्या दगडी पायांशी त्यांची तुलना कशी करणार?

म्हणून ही पद्धत निरुपयोगी आहे असे मात्र नाही. तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे लोहयुगातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. असे काही जमिनीत उथळ असेल तर चुंबकत्वमापक ते फार चांगले पकडतो. टेकाडाच्या कडेचा जुना खंदक, तटाचा पाया, वस्तीची सीमा यांसाठी विद्युतरोध पद्धत वेळ आणि श्रम वाचविते. मुख्य म्हणजे ती काही नष्ट करीत नाही. उत्खनन हा असा प्रयोग आहे की तो दुसऱ्यांदा करता येत नाही. खणलेला थर परत रचता येत नाही. कोठे खणू नये हे सांगणारे साधन त्यामुळे मोलाचेच.

पण उपमेने होणारे नुकसान येथेच आहे. आपल्याकडे गावाच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतीला ‘काळी’ म्हणतात. शेकडो वर्षांच्या राख-मातीच्या भिंतींनी वस्तीची माती पांढुरकी होते, हे निरीक्षण त्या शब्दात साठलेले आहे. अशी कित्येक पांढरीची टेकाडे आज घरासाठी आणि शेतासाठी माती नेल्याने दरवर्षी खचत आहेत. त्यातच गुप्तधनाच्या लोभाने रात्री खड्डे पाडणारेही आहेत. त्यांच्या कानावर ‘जमिनीतले दिसणारे यंत्र’ पडले की त्याचा अर्थ ‘धन दाखविणारे यंत्र’ असाच होतो. जमिनीत मौल्यवान वस्तू सापडली तर शासनाला कळविणे १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाने बंधनकारक आहे, हे सांगणारा माहितीपट विरळाच.

मग मुलांना काय सांगावे? माझ्या मते टरबूज विकणाऱ्याचे उदाहरण अधिक खरे आहे. तो टरबूज थापटतो, आवाज ऐकतो आणि आतल्या पिकलेपणाचा अंदाज करतो. त्याला आतले दिसत नाही. त्याचा अंदाज बरोबर येतो, कारण त्याने शेकडो टरबुजे आधी थापटली आणि मग कापूनही पाहिली आहेत. दुसऱ्या प्रदेशातले वेगळ्या सालीचे फळ हाती आले तर त्याला कान पुन्हा तयार करावा लागेल. इंग्लंड-ग्रीसमध्ये तयार झालेल्या कानाचे यवतमाळच्या मातीत असेच होते. येथे आधीच उत्खनन झालेल्या जागांशेजारी सर्वेक्षण करून, आलेख आणि प्रत्यक्ष थर जुळवून पाहण्याचे काम अगोदर व्हायला हवे.

याची झलक वर्गातही देता येते. एका होकायंत्राजवळ पक्की भाजलेली वीट, कच्च्या मातीचे ढेकूळ आणि गावातले चार-पाच काळे दगड एकेक करून आणावेत. काही दगडांनी सुई हलेल, काहींनी नाही. मग ते कापडाखाली झाकून, सुईवरून कोठे वीट आहे ते मुलांना ओळखायला सांगावे. त्यांचे अंदाज बरेचदा चुकतील. का चुकले, यावर होणारी चर्चा हाच त्या तासाचा खरा पाठ.