ज्वारीची रास आणि किरकोळ फेरबदल



कुर्डुवाडीत उभं राहून नगररचनेवर बोलायचं, तर सुरुवात रुळांपासूनच करावी लागते. हे स्टेशन एकेकाळी 'बार्शी रोड' म्हणून ओळखलं जाई. म्हणजे दुसऱ्या गावाकडे जायची वाट, एवढीच याची ओळख. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी लाइन सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं ते काम. पुढे हीच लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. गाव त्या रुळांच्या मागून आलं. चाळी, वर्कशॉप, अडत, खाणावळी, सगळं. गाडी मोठ्या रुळावर गेली, तरी वस्तीचा आकार अजून त्या जुन्या रेघेनेच ठरवलेला आहे.

ती रेघ ओढताना कोणी इथल्या माणसांकडून हरकती मागवल्या नव्हत्या. आज मागवतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा तो कायदा. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते, ३० दिवसांत लेखी हरकती द्यायच्या, मग नियोजन समिती बसते. तिच्यात तीन सभासद आपल्या संस्थेचे आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. समिती सुनावणी घेते, अहवाल देते आणि अखेरची मंजुरी शासनाची. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही टीका करायला उभे आहोत म्हणून सगळंच वाईट म्हणणार, असं कोणी समजू नये.

आमची टीका वेगळी आहे. विकास योजना हा एक ग्रंथ आहे असं धरून आम्ही तो वाचला. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, दुसरं काही वाचायचं आम्हाला कळत नाही! तर या ग्रंथाची भाषा बघा. 'प्रस्तावित करण्यात येत आहे', 'आरक्षित ठेवण्यात आले आहे', 'वगळण्यात येत आहे'. कर्ता कुठेच नाही. मराठीत कर्मणी प्रयोग आहे तो काही लपण्यासाठी नाही, पण सरकारी मराठीने त्याचा बुरखा करून टाकला. नकाशावर पिवळा म्हणजे राहण्याचा, हिरवा म्हणजे शेतीचा, मधून जाणाऱ्या जाड रेघा म्हणजे डीपी रोड. कुठल्या गटातून किती मीटर रुंदीचा रस्ता जाणार, ते अगदी बिनचूक लिहिलेलं. पण कधी होणार? खर्चाचे, टप्प्यांचे अंदाज अहवालात असतात. ते कोणाला बांधील नसतात. जागा पक्की आणि काळ मोघम, असा हा ग्रंथ आहे.

आणि काळ मोघम असला की तो सगळ्यांसाठी सारखा मोघम राहत नाही. आमचं आजचं म्हणणं खरं तर एवढंच आहे. या एका कायद्यात दोन घड्याळं आहेत. एक फार हळू चालतं, एक भराभर. आणि कोणाच्या जमिनीला कुठलं घड्याळ लागतं, याचं उत्तर नकाशात सापडत नाही.

हळू घड्याळ आधी बघू. कलम १२७. तुमच्या जमिनीवर रस्त्याचं, मैदानाचं, शाळेचं आरक्षण पडलं, तर योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षं थांबायचं. तोवर ताबा घेतला नाही, तर तुम्ही नोटीस द्यायची. नोटिशीनंतर पूर्वी सहा महिने होते, मग बारा झाले, आता चोवीस आहेत. तेवढ्यात संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपलं. 'पावलं' म्हणजे काय, यावरसुद्धा माणसं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात न्यायालयाने बहुमताने सांगितलं की नुसता प्रस्ताव पाठवणं, ठराव करणं म्हणजे पाऊल नव्हे. बरं झालं. पण यात एक मेख आहे. तुम्ही नोटीस दिलीच नाहीत आणि दरम्यान सुधारित योजना आली, तर ती दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

ही मेख आम्हाला पुस्तकातून कळली नाही. आमच्या थोरल्या बंधूंची अठरा गुंठे जमीन एका तालुक्याच्या गावाला लागून होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष एका गावाचा नव्हे. जमिनीवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं. बँक कर्ज देईना. गिऱ्हाईक यायचं, उतारा बघायचं, चहा पिऊन जायचं. अण्णांनी कडेने लिंबाची झाडं लावली आणि वाट बघत बसले. त्यांचा साधा हिशोब होता, सरकारला लागेल तेव्हा सरकार घेईल आणि पैसे देईल. नोटीस आपण द्यायची असते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. वीसएक वर्षांनी सुधारित योजना आली, तिच्यात तेच मैदान, त्याच जागी. घड्याळ शून्यावर. मग अण्णा गेले.

आम्ही त्या सगळ्या वर्षांत वर्गात न्यायाची तत्त्वं शिकवत होतो. सख्ख्या भावाच्या सातबाऱ्याला लागलेलं कलम आम्ही वाचलं नाही. हे इथे कबूल केलं पाहिजे, नाहीतर पुढचं बोलायचा आम्हाला अधिकार नाही.

आता भराभर चालणारं घड्याळ. त्याच रस्त्याच्या पलीकडे हिरव्या पट्ट्यातली एक जमीन होती. ती दीड-दोन वर्षांत पिवळी झाली. बेकायदा काही झालं नाही. कलम ३७ खाली मंजूर योजनेत फेरबदल करता येतो, अट इतकीच की योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. ठराव, नोटीस, हरकती, शासनाची मंजुरी, सगळे सोपस्कार झाले. त्या शेजाऱ्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याने रीतसर अर्ज केला, पाठपुरावा केला, त्याला जमलं. आमचा प्रश्न त्या 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांबद्दल आहे.

इथे आम्हाला आमच्या धंद्यातला एक जुना माणूस आठवतो. मिलेटस नावाच्या ग्रीक शहरातला युबुलिडीस. त्याचं कोडं आपल्या खळ्यावरचं आहे. समोर ज्वारीची रास आहे. एक दाणा काढला, तर रास मोडते का? नाही. आणखी एक काढला? नाही. कुठल्याही एका दाण्याने रास मोडत नाही. पण काढत राहिलात तर संध्याकाळी खळं मोकळं असतं. रास नेमकी कोणत्या दाण्याला मोडली, सांगा बरं! कोणालाच सांगता येत नाही.

कलम ३७ पुढे येणारा प्रत्येक प्रस्ताव म्हणजे एक दाणा. दोन एकर हिरव्याचं पिवळं, एका रस्त्याची रेघ पाच-सात मीटर पलीकडे, एका आरक्षणाची जागा शेजारच्या गटात. प्रत्येक वेळी समोर बसलेला माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो की एवढ्याने योजनेचं स्वरूप बदलत नाही. तो खोटं बोलत नसतो. कायद्याने त्याच्या हातात एकच दाणा दिलेला असतो. रास बघण्याचं काम कोणाचं? सुधारित योजनेचं, असं उत्तर मिळेल. ती किमान वीस वर्षांतून एकदा व्हावी, असं कायदाच म्हणतो. पण तोवर खळ्यावर काय शिल्लक असतं? सुधारित योजना मग जे झालं त्यालाच रंग देते. आपण ज्याला नियोजन म्हणतो, ते पुष्कळदा मागाहून केलेली नोंद असते.

आणि गंमत बघा, ज्याला जगातला पहिला नगररचनाकार म्हणतात, तो हिपोडेमसही याच मिलेटसचा. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये त्याची दखल घेतली आहे. लांब केस, भारी दागिने आणि उन्हाळ्यातही गरम कपडे, असं त्याचं वर्णन आहे. सल्लागार मंडळींच्या पेहरावाची परंपरा जुनी आहे, एवढंच म्हणतो! तर या हिपोडेमसने सुचवलं होतं की शहराला उपयोगी असा नवा बदल जो शोधून काढेल, त्याचा सत्कार करावा. ॲरिस्टॉटलला ते पटलं नाही. कायदे कधीच बदलू नयेत असं तो म्हणत नाही, काही बदलावेच लागतात. त्याचा मुद्दा असा की कायद्याला बळ येतं ते लोकांच्या सवयीतून, आणि सवय व्हायला काळ लागतो. वरचेवर सहज बदल होऊ लागले की प्रत्येक बदल चांगला असूनसुद्धा एकूण कायदा दुबळा होतो.

आम्ही हे वर्षानुवर्षं परीक्षेला उपयोगी टीप म्हणून सांगत आलो. त्याचा अर्थ आम्हाला अण्णांच्या जमिनीवर कळला. झोन बदलून मिळतो, हे एकदा गावाला कळलं, की हिरव्या पट्ट्याची किंमत हिरव्याची राहत नाही. ती 'अजून पिवळा न झालेला' अशी होते. शेतकरी ज्वारीच्या भावाने विकतो आणि घेणारा प्लॉटच्या भावाने बघत असतो. रंग बदलण्याआधीच पैसा जागा बदलतो. ज्यांना थांबणं परवडत नाही आणि अर्जही जमत नाही, ते तिसरी वाट धरतात. गुंठा-गुंठा घेऊन पत्रे ठोकतात. त्यांच्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला, १ जानेवारी २००१ पर्यंतचं नियमित करायला. मग २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. तारीख पुढे सरकते हेही लोक शिकलेच.

तुम्ही म्हणाल, आरक्षणाच्या बदल्यात आता टीडीआर मिळतो की. मिळतो. पण तो कागद विकायचा, तर वाढीव मजले बांधायला उत्सुक असलेला बिल्डर गावात हवा. पुण्यात त्याला बाजार आहे. एकमजली घरांच्या गावात तो कपाटात ठेवायचा.

हरकतींनी काही होत नाही, असं मात्र समजू नका. मुंबईची प्रारूप योजना २०१५ च्या फेब्रुवारीत आली, लोक तिच्यावर तुटून पडले, चुकांची जंत्री वर्तमानपत्रांतून येऊ लागली आणि एप्रिलमध्ये ती मागे घेऊन दुरुस्त करायचे आदेश निघाले. पण मुंबईत वास्तुविशारद होते, अभ्यासगट होते, पत्रकार होते. तालुक्याच्या गावात एक नकाशा भिंतीवर लागतो, त्यावरचे गट नंबर वाचायला भिंग लागतं, आणि ३० दिवसांत सुगी किंवा वारी यांपैकी काहीतरी येतंच.

पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा आग्रह असा की आधी गाव पायी फिरा, निदान करा, मग रेघ ओढा. गल्ली रुंद करायची म्हणून सरसकट घरं पाडण्यापेक्षा एखाददुसरं मोडकं घर काढून, झाड ठेवून, मोकळी जागा जोडून काम भागतं का बघा. हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहिलं. आम्ही त्यात एकच भर घालू: गाव फिरताना कोण किती वर्षं थांबलंय, तेही विचारा.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक नगरपरिषदेने दोन याद्या भिंतीवर लावाव्यात. एका यादीत योजना मंजूर झाल्यापासूनचे सगळे कलम ३७ चे फेरबदल, गट नंबर, क्षेत्र आणि तारखेसह, आणि त्यांची एकूण बेरीज. म्हणजे रास दिसेल. दुसऱ्या यादीत प्रत्येक आरक्षणाचं वय, आणि मालकाला नोटिशीचा हक्क कोणत्या तारखेपासून आहे ते. याला ना नवा कायदा लागतो, ना सल्लागार. नवा फेरबदल समितीपुढे आला की सभासदांनी आधी पहिली यादी वाचावी. कुर्डुवाडीत हे करायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी योजना येईल तेव्हा तुम्हीच विचारा.

एक अडचण मात्र आम्हाला सुटलेली नाही, आणि ती तुमच्यापुढे ठेवूनच थांबतो. अण्णांच्या जमिनीला कुंपण नव्हतं. लिंब मोठे झाले, सावली पडली, आणि गावची पोरं तिथे क्रिकेट खेळू लागली. म्हणजे ज्यासाठी आरक्षण पडलं ते मैदान झालंच, फक्त कोणी त्याचे पैसे दिले नाहीत. पुतण्याने आता वकिलाकडून नोटीस दिली आहे. चोवीस महिन्यांत काही झालं नाही, तर जमीन मोकळी होईल, तो प्लॉट पाडेल आणि त्या बाजूला दुसरं मैदान नाही. त्याने आम्हाला विचारलं, काका, नोटीस देऊन चुकलो का? आम्ही म्हणालो, नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे गेलो, तेव्हा पोरांनी स्टंप म्हणून मोजणीचे दगड रचले होते. पुतण्याच्या नोटिशीला आता अकरा महिने झाले.