साचेबंद पात्रे, नाटक व चित्रपटांतील

साचेबंद पात्रे, नाटक व चित्रपटांतील : विशिष्ट वर्ग, जात, प्रांत, व्यवसाय वा लिंग यांविषयीच्या रूढ समजुतींतून तयार झालेली आणि अनेक कलाकृतींतून जवळजवळ तशीच पुन:पुन्हा येणारी पात्रे. ‘स्टीरिओटाइप’ ही यासाठी वापरली जाणारी पाश्चात्त्य संज्ञा मूळची मुद्रणव्यवसायातील असून जुळविलेल्या खिळ्यांच्या संपूर्ण पानावरून ओतलेल्या एकसंध पत्र्याला ती लावीत. अशा पत्र्यावरून कितीही प्रती काढता येतात. मात्र त्यातील एक अक्षरही हलविता येत नाही. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन (१८८९–१९७४) याने १९२२ मध्ये पब्लिक ओपिनियन या ग्रंथात माणसांच्या मनातील तयार प्रतिमांसाठी ही संज्ञा योजिली आणि पुढे ती समाजशास्त्रातून नाट्य-चित्रसमीक्षेत आली.

साचेबंद पात्र आणि पात्रप्ररूप यांत भेद करणे आवश्यक आहे. प्ररूप हे नाट्यपरंपरेने निर्माण केलेले साधन होय. ग्रीक तत्त्वज्ञ थीओफ्रॅस्टस (इ. स. पू. सु. ३७२–२८७) याने खुशामत्या, बडबड्या, कंजूष अशी ३० स्वभावचित्रे रेखाटली. प्लॉटसच्या रोमन सुखात्मिकांत बढाईखोर सैनिक व धूर्त गुलाम स्थिरावले. सोळाव्या शतकात इटलीत उदयास आलेल्या ‘कोमेदिआ देल्लार्ते’ या नाट्यप्रकारात व्हेनिसचा लोभी व्यापारी पँटलोने, बोलोन्याचा पढिक पंडित दोत्तोरे, चतुर नोकर आर्लेक्किनो यांचे मुखवटे व वेश ठरलेले असत. संवाद मात्र नट आयत्या वेळी रचीत. भरताच्या नाट्यशास्त्रातही धीरोदात्तादी चार नायक, विदूषक, विट, शकार असे वर्गीकरण आढळते. तमाशातील सोंगाड्या व मावशी, दशावतारातील संकासुर हीही अशीच ठरीव पात्रे होत. [⟶ तमाशा, दशावतारी नाटके]. अशा पात्रांची ओळख प्रेक्षकाला आधीच असते. ती करून देण्यात वेळ जात नाही आणि नटाच्या हजरजबाबीपणाला वाव मिळतो. प्ररूप हे म्हणून दोषास्पद नव्हे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ मध्ये ‘सपाट’ व ‘भरीव’ पात्रांतील भेद मांडला, तेव्हा सपाट पात्रांची उपयुक्तताही त्याने मान्य केली होती.

प्ररूप स्वभावदोषाऐवजी एखाद्या जनसमूहाला चिकटते, तेव्हा त्याचा साचा बनतो. कंजूष माणसाला हसणारा प्रेक्षक स्वत:च्या कंजूषपणालाही हसत असतो; परंतु रंगमंचावरील ज्यू सावकाराला हसताना तो स्वत:ला त्या हसण्यातून वगळतो. शेक्सपिअरच्या द मर्चंट ऑफ व्हेनिसमधील शायलॉक हा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. संहितेत त्याला साच्याचा क्रूरपणा दिलेला आहे आणि त्या साच्याला आव्हान देणारे भाषणही दिलेले आहे. इंग्रजी रंगभूमीवर तो लाल केसांचा टोप घालून उभा करण्याची प्रथा होती. १८१४ मध्ये एडमंड कीन याने काळा टोप घालून ही भूमिका केली व शायलॉकचे दु:ख प्रेक्षकांना जाणवले. साचा संहितेत असतो तितकाच वेशभूषेत व अभिनयपरंपरेतही असतो, हे यावरून दिसते.

साचेबंद पात्राचे विश्लेषण करताना पुढील प्रश्न उपयोगी ठरतात : पात्राला स्वत:ची भाषा आहे की केवळ उच्चारांची टवाळी आहे, कथानकात त्याची इच्छा काही घडविते, की ते इतरांच्या कामापुरते येते, कलाकृती कोणाच्या दृष्टीतून त्याच्याकडे पाहते, आणि शेवटी त्याच्या वाट्याला काय येते. यांपैकी शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण सहानुभूतीने रंगविलेल्या पात्रालाही साच्याने ठरविलेलाच शेवट पुष्कळदा मिळतो. सद्वृत्त गणिकेचे प्ररूप याचे उत्तम उदाहरण होय. शूद्रकाच्या मृच्छकटिकात वसंतसेनेला अखेरीस राजाज्ञेने वधूपद मिळते. देवदास (१९३५) या चित्रपटातील चंद्रमुखी नायकावर निष्ठेने प्रेम करते. परंतु त्याच्या संसारात तिला स्थान नाही. व्ही. शांताराम यांच्या माणूस (१९३९) मधील मैना या वेश्येला पोलीस शिपाई गणपत लग्नाचे वचन देतो. मैना चतुर, विनोदी व स्वाभिमानी आहे. तथापि गणपतच्या घराचा उंबरठा तिला ओलांडता येत नाही आणि खुनाच्या आरोपावरून ती तुरुंगात जाते. स्वभावचित्रणात माणूस साच्याच्या पुष्कळ पुढे गेला आहे. मैनेचा शेवट मात्र प्राचीन प्रकरणाहून कठोर असून, तिची अडवणूक करणाऱ्या समाजाचीच ही टीका आहे, असे म्हणता येईल.

मराठी नाटकात पतिव्रतेचा साचा दीर्घकाळ प्रभावी राहिला. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) मधील सिंधू मद्यपी पतीचा छळ तक्रारीवाचून सोसते. तिच्या सहनशीलतेतून व्यसनाची भीषणता प्रकट होते, हे नाट्यदृष्ट्या परिणामकारक आहे. पण त्याच सहनशीलतेचा गौरव झाल्याने सोसणे हाच स्त्रीचा सद्गुण, ही समजूतही दृढ होते. विजय तेंडुलकर यांच्या सखाराम बाइंडर (१९७२) या नाटकात पापभीरू लक्ष्मी व बेधडक चंपा अशी परस्परविरोधी जोडी प्रथमदर्शनी साच्यातूनच उचललेली दिसते. नाटक पुढे सरकते तसा हा साचा उलटतो. निराश्रित होऊन परतलेल्या लक्ष्मीला घरात राहू देते ती चंपा. आणि चंपाचे गुपित सखारामला सांगून तिच्या मृत्यूस कारण होते ती लक्ष्मी. लक्ष्मीची धार्मिकता खोटी नाही, म्हणूनच तिचे क्रौर्य अस्वस्थ करते. साचा मोडण्यासाठी पात्राचे गुण काढून घ्यावे लागत नाहीत. ते गुण नव्या प्रसंगाच्या कसोटीला लावावे लागतात, हे येथे स्पष्ट होते.

चित्रपटात साचा अधिक बळकट होतो. चेहऱ्याचे निकटदृश्य, नटाची लोकमान्य प्रतिमा आणि एकाच यशाची पुनरावृत्ती करणारी धंदेवाईक गणिते ही त्याची कारणे होत. अमेरिकन चित्रपटांतील कृष्णवर्णीय पात्रांचे पाच ठरीव नमुने डॉनल्ड बोगल या समीक्षकाने १९७३ मध्ये दाखवून दिले. हॅटी मॅक्डॅनिएल या अभिनेत्रीला गॉन विथ द विंड (१९३९) मधील दाईच्या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. पुढेही तिच्या वाट्याला प्राय: मोलकरणीच्याच भूमिका आल्या. हिंदी चित्रपटांत दक्षिण भारतीय माणूस पडोसन (१९६८) मधील संगीतशिक्षकासारखा उच्चारांवरून हास्यास्पद केला गेला, तर मराठी स्त्री अनेकदा धुणीभांडी करणारी ‘बाई’ म्हणून दिसली. खाष्ट सासू म्हणून लोकांच्या मनात ठसलेल्या ललिता पवार (१९१६–९८) यांनी अनाडी (१९५९) मध्ये प्रेमळ ख्रिस्ती घरमालकीण रंगविली. खलनायक प्राण यांनी उपकार (१९६७) मधील मलंगचाचाद्वारे आपली प्रतिमा बदलली. नट-नटीला साच्यातून सोडविणाऱ्या अशा संधी क्वचितच मिळत.

साचा निंदात्मकच असतो असे नाही. दलित व्यक्तीला केवळ दयेचा विषय म्हणून रंगविणारी पात्रे सद्हेतूनेच निर्माण झाली. अछूत कन्या (१९३६) मधील कस्तुरी निष्पाप व त्यागी आहे. परंतु तिच्या आत्मबलिदानाने गावातील व्यवस्थेला धक्का न लागता कथानकाचा पेच सुटतो. याच्याशी नागराज मंजुळे यांच्या फँड्री (२०१३) मधील जब्याची तुलना उद्बोधक ठरते. तो प्रेमात पडतो, लाजतो, खोटे बोलतो आणि अखेरीस त्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. आतापर्यंत सुरक्षित अंतरावरून कणव करणारा प्रेक्षक येथे त्या प्रसंगाचा भागीदार होतो.

साच्यांची समीक्षा केवळ गणनेवर भागत नाही. अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेकडेल हिने १९८५ मध्ये मांडलेली, दोन स्त्रिया परस्परांशी पुरुषाव्यतिरिक्त अन्य विषयावर बोलतात काय, ही कसोटी अनेक चित्रपटांतील उणीव दाखविते. तथापि एखाद्या कलाकृतीचे मोल तिच्यावरून ठरत नाही. तसेच सदोष पात्रांच्या जागी निर्दोष पात्रे आणल्याने साचा नाहीसा होत नाही, त्याचा केवळ रंग बदलतो. पात्राला चुकण्याचा, बदलण्याचा व प्रेक्षकाचा अंदाज खोटा पाडण्याचा अधिकार ज्या प्रमाणात मिळतो, त्या प्रमाणात ते साच्यातून मुक्त होते. कलाकृतीच्या कसोटीइतकीच ही समाजाच्या परस्परओळखीचीही कसोटी आहे. कारण ज्यांना प्रत्यक्ष कधी भेटलो नाही अशा माणसांविषयीची मते पुष्कळदा रंगमंचावर व पडद्यावर पाहिलेल्या पात्रांवरूनच बनत असतात.