‘एकच प्याला’ : शपथेनंतरचा सुधाकर

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ आपल्याकडील जुन्या घरांतून अजूनही आठवले जाते. पहिला प्याला घेऊ नये, हा त्याचा सर्वमान्य बोध. परंतु या नाटकाचे मर्म दारू सोडल्यानंतरच्या दिवसांत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सनदीच्या प्रकरणात झालेल्या अपमानातून सुधाकर तळीरामाच्या हातचा प्याला घेतो, हे सर्वांना स्मरते. पुढे तो दारू सोडण्याची शपथ घेतो, नोकरीसाठी परिचितांचे उंबरे झिजवतो आणि अवहेलना घेऊन परततो, याची चर्चा त्या मानाने थोडी होते. त्या अवहेलनेनंतरच तो पुन्हा दारूकडे वळतो. परतीची वाट नाही, असे तो रामलालला विलक्षण ताकदीच्या भाषेत पटवू पाहतो. पण ती वाट बंद करण्यात भल्या माणसांचाही हात होता, हे प्रेक्षकाला कळलेले असते. गडकऱ्यांनी हा पुरावा समोर मांडला आणि निकाल मात्र प्याल्याविरुद्ध दिला.

सिंधूचेही तसेच. दळण दळून संसार ओढणारी, मरतानाही पतीचा अपराध झाकणारी सिंधू आपण पूज्य मानली. तिच्या सोशिकतेने सुधाकराच्या व्यसनावर पांघरूण पडले. त्याला सावरण्याचे बळ त्यातून मिळाले नाही.

या नाटकाशेजारी डॉ. अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ ठेवून वाचावे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. तेथील उपचारांची घडी डॉ. अनिता अवचट यांनी बसवली. व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णमित्र तेथेच कार्यकर्ते झाले. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा राहिला. घरी गेलेल्याचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग ठरला. पाय घसरला तरी दार बंद होत नाही, आणि निर्धार जन्माचा नव्हे, आजच्या दिवसापुरता करायचा असतो. अवचटांच्या साध्या गद्यात गडकऱ्यांची झेप नाही. मात्र सुधाकराला जे मिळाले नाही, ते कसे उभे करावे लागते, हे तेच गद्य सांगते.

राखोलीच्या वाचकाला हा विचार दूरचा वाटू नये. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे, आपल्या प्रदेशात परवानाधारक दुकाने आहेत. उपचार घेऊन परतलेल्या माणसाला रोज त्यांच्यासमोरूनच कामावर जावे लागते, अर्थात काम मिळाले तर. शासकीय सेवेत पाहिले आहे, माणूस सुधारला तरी गोपनीय अहवालातील जुना शेरा त्याच्याआधी नव्या साहेबांच्या टेबलावर पोहोचलेला असे. कारखान्यातही निराळे घडत नसावे, आणि लग्नकार्यात त्याच्याविषयीची कुजबुज तर आपल्याच पंगतीतून होते.

सुधाकराला उपदेश करणारा रामलाल होता, त्याच्यासाठी झुरणारी सिंधू होती. विश्वासाने कामावर ठेवणारा कोणी नव्हता. यापुढे हे नाटक वाचताना आपण नोकरी नाकारणाऱ्या त्या परिचितांकडेही पाहावे. त्यांच्यात आपली ओळख पटण्याचा संभव अधिक आहे.